ऑक्सफर्डला, सहीच्या रांगेत

गुरुवार

लंडनहून ऑक्सफर्डला रेल्वेने तासाभरात पोचता येतं, पण आम्ही कोच धरला. एक तर तिकीट स्वस्त, आणि भाचीला दुमजली गाडीतली वरची, अगदी पुढची सीट हवी होती. सहामाही परीक्षा आटोपून ती सुट्टीत माझ्याकडे आली होती. काय काय बघायचंय असं विचारलं, तर यादीबिदी न काढता तिनं मोबाइलच माझ्यापुढे धरला. आमच्या दोघींच्या लाडक्या लेखिकेचं नवं पुस्तक त्याच आठवड्यात येत होतं. शुक्रवारी संध्याकाळी ऑक्सफर्डच्या ब्लॅकवेल्स या दुकानात त्या बोलणार होत्या आणि नंतर सह्या करणार होत्या.

बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. सहीच्या टेबलाशी होतं ते बोलणं म्हणजे मुलाखत नव्हे. समोरचं माणूस दिवसभराचं दमलेलं असतं, आणि त्या वेळी सहज निघालेला शब्द त्याच्या नावावर छापून टाकणं मला प्रशस्त वाटत नाही.

त्यांच्या कादंबऱ्यांच्या मालिकेची ओळख मात्र करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. एक उथळ खाडी आहे, कोसच्या कोस पसरलेली. ओहोटीला ती उघडी पडते आणि मिठाची ओझी वाहणारी माणसं रात्रीची ती पायी ओलांडतात. समुद्राशी त्यांचा पिढीजात करार आहे. शब्द मोडणाऱ्याची सावली ओली होते, पडेल तिथे डाग ठेवते, आणि त्या डागांवरून समुद्र माग काढत येतो. मीठ, चिखल, दिवट्या आणि वेळेशी शर्यत, एवढ्यावर सगळी मालिका उभी आहे. पहिला भाग मी भाचीला पाठवला तेव्हा ती नववीत होती. दुसरा तिनं माझ्याआधी संपवला, आणि तिथेच तिला शंका आली.

माझे वडील कोकणातले. नातवंडांना त्यांनी पाढ्यांच्या आधी भरतीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आसपास धरून चालायचं. दिवसाची एक भरती, रात्रीची एक. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, आणि अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान. आता दुसऱ्या भागातला सगळ्यात थरारक प्रसंग असा, की पौर्णिमेच्या ऐन मध्यरात्री चाळीस माणसं ओझ्यांसकट खाडी ओलांडतात, कारण पाणी पार ओसरलेलं आहे. आजोबांच्या हिशोबानं त्या वेळी तिथे दोन पुरुष पाणी हवं. शिवाय त्यानंतर अकराव्या दिवशी, वेगळ्या प्रकरणात, पुन्हा पूर्ण चंद्र उगवतो. भाचीनं प्रकरणं, दिवस, मुक्काम सगळं वहीत मांडून ठेवलं होतं. हे ती लेखिकेला विचारणार होती. वाटेत कोच तुंबलेल्या रहदारीत अडकला तेव्हा तिनं प्रश्नाची रंगीत तालीम माझ्यावर केली. इंग्रजी वाक्य लांबलचक होत होतं. दोन वेळा कापून ते बसवलं.

तिकिटाबरोबर नियमही आले होते. नवं पुस्तक तिकिटातच मिळणार, त्याखेरीज घरून आणलेलं एकच जुनं पुस्तक सहीला चालेल. नाव घालून हवं तर नाव चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, त्यापलीकडे मजकूर लिहून मिळणार नाही. टेबलामागे जाऊन, खांद्यावर हात टाकून फोटो नाही. भाचीला हा शेवटचा नियम जाचक वाटला. मला पटला. रात्रभर अनोळखी हात खांद्यावर घेत बसायला बाई काही पुतळा नाहीत.

ग्लॉस्टर ग्रीनच्या स्थानकावर उतरलो तेव्हा साडेचार वाजत होते आणि अंधार पडत होता. ऑक्टोबरच्या शेवटी इथे घड्याळं तासभर मागे नेतात आणि संध्याकाळच गायब होते. सामान खोलीवर टाकून आम्ही परत गावात आलो. सेंट मेरीज पॅसेज नावाची अरुंद बोळ आहे. तिथल्या एका लाकडी दरवाजावर सिंहासारखा दिसणारा चेहरा कोरलेला आहे, वर सोनेरी रंगाचे दोन फॉन, म्हणजे बोकडाच्या पायांचे वनदेव, आणि चार पावलांवर दिव्याचा खांब. लेखक सी. एस. लुइसला नार्निया, म्हणजे त्याच्या मुलांसाठीच्या पुस्तकांतला जादूचा मुलूख, इथेच सुचला, असं प्रत्येक गाइड सांगतो. आम्ही होतो तेवढ्या वेळात दोन टोळ्या येऊन ही कथा ऐकून गेल्या. लुइसनं स्वतः लिहून ठेवलंय ते वेगळंच आहे. बर्फाळ रानात छत्री आणि पार्सलं घेऊन चाललेला फॉन, हे चित्र आपल्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होतं, आणि चाळिशीच्या सुमारास त्याची गोष्ट करून बघू असं वाटलं, असं तो म्हणतो. म्हणजे पंचवीसेक वर्षं ते चित्र नुसतं पडून होतं. दरवाजा सुंदर आहे, फोटोही छान येतो. पण या गावात सुचण्याच्या जागा दाखवायचा धंदा जोरात आहे आणि लिहिण्याच्या जागांकडे फारसं कुणी नेत नाही.

शुक्रवार

सकाळी मॉडलिन कॉलेज. इंग्रजीत स्पेलिंग मॅग्डालेनसारखं आणि उच्चार मॉडलिन. तिकीट काढून आत गेलं की नदीच्या कडेनं अ‍ॅडिसन्स वॉक ही झाडांमधली पायवाट लागते. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री लुइस, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन आणि त्यांचा मित्र ह्यूगो डायसन हे तिघे इथे फिरत पुराणकथांवर वाद घालत होते. पुराणकथा म्हणजे सुंदर थापा, हे लुइसचं म्हणणं. तसं नाही, हे टॉल्किनचं. पहाटेपर्यंत हे चाललं. आम्ही गेलो तेव्हा पानगळ ऐन भरात होती आणि पायवाट निसरडी. भाचीचं सगळं लक्ष हरणांकडे. कॉलेजच्या कुरणात हरणांचा कळप आहे.

तिथून चालत सेंट जाइल्स रस्त्यावर. 'ईगल अँड चाइल्ड' या पबमध्ये लुइस-टॉल्किनचं टोळकं, 'इंकलिंग्ज', मंगळवारी सकाळी जमायचं. हा पब २०२० मध्ये कोविडच्या काळात बंद पडला, आम्हालाही बंदच दिसला. समोरचा 'लॅम्ब अँड फ्लॅग' मात्र स्थानिक लोकांच्या एका गटानं भाड्यानं घेऊन २०२२ मध्ये पुन्हा सुरू केला. तिथे बसून आम्ही सूप घेतलं. पबच्या पाट्यांपेक्षा मला त्या टोळक्याची रीत जास्त आवडते. गुरुवारी रात्री लुइसच्या खोलीत जमायचं आणि लिहिलेली नवी पानं मोठ्यानं वाचायची. कौतुकाची सोय नव्हती. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या वाचनाला डायसन इतका कंटाळला, की तो असला तर वाचन थांबवावं लागे. भाची म्हणाली, "मावशी, आणि तरी त्यानं लिहिलं?" लिहिलं. १९३७ च्या डिसेंबरात सुरुवात केली आणि मूळ खर्डा १९४९ मध्ये पुरा झाला.

दुपारी ब्लॅकवेल्स. ब्रॉड स्ट्रीटवर निळ्या रंगाचं, दिसायला साधंच दुकान. १ जानेवारी १८७९ ला बेंजामिन हेन्री ब्लॅकवेलनं ते उघडलं, तेव्हा ती बारा फूट लांब, बारा फूट रुंद अशी एकच खोली होती. ती अजून पुढच्या भागात आहे. मागे मात्र दुकान वाढत वाढत शेजारची घरं गिळत गेलं. शेवटी १९६६ मध्ये ते जमिनीखाली शिरलं. नॉरिंग्टन रूम नावाचं हे तळघर शेजारच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आवाराखाली पसरलं आहे. दहा हजार चौरस फुटांची एकच खोली आणि फळ्या एकापुढे एक लावल्या तर तीन मैल भरतील. वरच्या कठड्यापाशी उभं राहिलं की सगळं एका नजरेत दिसतं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेलं. भाची कठड्याला टेकून बराच वेळ बोललीच नाही. तिला इतका वेळ गप्प मी क्वचितच पाहिलंय.

या दुकानाचं आणि टॉल्किनचं नातं मजेशीर आहे. त्याची एक सुरुवातीची कविता १९१५ मध्ये ब्लॅकवेलनंच एका संग्रहात छापली. पुढे प्राध्यापक झाल्यावर दुकानात त्याचं खातं होतं आणि ते चांगलंच थकलं होतं. तेव्हा बेसिल ब्लॅकवेल, म्हणजे संस्थापकाचा मुलगा, यानं तोड काढली. टॉल्किननं एका मध्ययुगीन कवितेचं भाषांतर करून ठेवलं होतं. ते आपण छापू, आणि मानधन परस्पर उधारीत वळतं करू. भाषांतर जुळवून तयार झालं. प्रस्तावना तेवढी लेखकानं द्यायची होती. ती कधीच आली नाही, आणि पुस्तकही तेव्हा निघालं नाही. पुस्तकांच्या दुकानात उधारी ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला एरवीही जिव्हाळा वाटतो.

नव्या पुस्तकांच्या टेबलावर आमच्या बाईंच्या पुस्तकाची चळत होती आणि कव्हरवर 'सही केलेली प्रत' असा गोल चिकट कागद. भाची चमकली. सह्या आधीच झाल्या? तिथल्या विक्रेत्या मुलीनं समजावून सांगितलं. प्रकाशक कोऱ्या कागदांचे खोके लेखकाच्या घरी पाठवतो. लेखक आठवडे-आठवडे नुसत्या सह्या करतो. ते कागद छापखान्यात परत जातात आणि बांधणीत पुस्तकाच्या सुरुवातीला बसवले जातात. ज्या कागदावर सही आहे त्यावर पुस्तकातलं एक अक्षरही सही करताना छापलेलं नसतं. भाचीचा थोडा हिरमोड झाला. मी म्हटलं, आपल्याला हव्या त्या सह्या रात्री आहेत.

कार्यक्रम सात वाजता, त्याच तळघरात. शंभरेक खुर्च्या मांडलेल्या, आम्ही मागच्या बाजूला. बाई साठीच्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या, गळ्यात वाचायच्या चष्म्याची दोरी. आधी त्यांनी दोन पानं वाचली. वाचताना त्या सुंदर वाचत नव्हत्या, भराभर वाचत होत्या, कुणीतरी हिशोब तपासून घ्यावा तशा. मग प्रश्नोत्तरं. नोकरी करत होत्या तेव्हा त्या एका कचेरीत पगारपत्रकं तयार करायच्या, हे मला नवीन होतं. पुस्तकाची पहिली ओळ लिहिण्याआधी त्या भरती-ओहोटीचं कोष्टक तयार करतात, सबंध वर्षाचं. माणसं नंतर येतात आणि त्यांना त्या कोष्टकात बसावं लागतं. कोण कधी खाडी उतरू शकेल हे ठरलं, की कोण कुणाला गाठू शकणार नाही हेही ठरतं, आणि त्यांच्या मते कथानक म्हणजे बहुतेक तेवढंच. भाचीनं मला कोपर मारलं. "मग असं कसं झालं?" तिचं कुजबुजणं पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असावं.

श्रोत्यांचे प्रश्न जगभर असतात तसेच होते. एकानं प्रश्न म्हणून छोटं भाषण केलं. एकीनं विचारलं, कल्पना कुठून सुचतात. सिनेमा कधी येणार, यावर बाईंनी फक्त खांदे उडवले. भाचीनं हात वर केला नाही. सगळ्यांसमोर चूक काढणं बरं दिसत नाही, असं तिचं मत. ते तिचं तिनंच ठरवलेलं होतं, आणि मला बरं वाटलं.

रांग खुर्च्यांच्या ओळींप्रमाणे सोडत होते. आमची पाळी यायला तास-सव्वा तास लागणार हे उघड होतं. रांग कायद्याच्या कपाटांवरून वळून धर्मशास्त्राच्या कपाटांपर्यंत गेली होती. तीच विक्रेती मुलगी पिवळ्या चिठ्ठ्या वाटत होती. प्रत्येकाचं नाव ती मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, चिठ्ठी आतल्या शीर्षकपानाच्या कडेला चिकटवायची आणि कव्हरची दुमड त्याच पानात सारून ठेवायची. म्हणजे लेखिकेच्या हातात पुस्तक जाईल तेव्हा ते नेमकं तिथेच उघडेल. एका प्रतीमागे चार-पाच सेकंद वाचतात, ती म्हणाली. दीडशे प्रती म्हणजे दहा-बारा मिनिटं आणि एका मनगटाचा बराचसा त्रास.

रांगेत आमच्यापुढे एक गृहस्थ चाकांची बॅग घेऊन उभे होते. बॅगेत मालिकेच्या सगळ्या आवृत्त्या, प्लास्टिकच्या वेष्टणात. एकच जुनं पुस्तक चालेल, हे त्यांना पुन्हा सांगण्यात आलं. त्यांनी मान डोलावली, एकावर सही घेतली, आणि शांतपणे रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. शेवटी किती पुस्तकं पार पडली कोण जाणे. आमच्या मागे एक बाई कथेतल्या मिठवाल्यांचा झगा घालून आल्या होत्या. एरवी त्या हिशोबतपासनीस. झगा लोकरीचा, खालचा काठ काळसर रंगवलेला, आणि त्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. हात लावून बघा म्हणाल्या. रेघा खरखरीत होत्या. रंग ओला असताना त्यावर जाडं मीठ पसरून वाळवलं होतं, समुद्राचं पाणी चढून उतरल्यावर कापडावर उमटतात तशा. तीन वेळा बिघडलं, मग जमलं, असं म्हणाल्या. भाचीनं त्यांना आपली वही दाखवली. दोघी त्या वहीत डोकी घालून बसल्या आणि मी मध्ययुगीन चर्चच्या जमाखर्चावरचं एक जाडजूड पुस्तक चाळत उभी राहिले.

आमची पाळी आली. जवळून बघितलं तर बाईंच्या उजव्या मनगटाला लवचिक पट्टा होता. अंगठ्याच्या पेरावर निळी शाई, चहाच्या कपावर साय धरलेली. पुस्तक समोर आलं की आधी त्या छापलेल्या आपल्या नावावर एक बारीक तिरपी रेघ मारत आणि मग खाली हातानं नाव लिहीत. नव्या पुस्तकाला त्यांनी जाड टोकाचं पेन वापरलं. आमची दुसऱ्या भागाची प्रत साध्या बांधणीची, कागद पातळ आणि पिवळा पडलेला. त्यांनी पान बोटांत धरून बघितलं, ते पेन ठेवलं आणि बॉलपेन घेतलं. शाई पलीकडे उतरली असती.

भाचीनं विचारलं. बसवलेलं वाक्य निम्म्यातच तुटलं, पण प्रश्न पोचला. बाईंनी पेन खाली ठेवलं. पौर्णिमेच्या मध्यरात्री भरती असते, हे तुला कुणी सांगितलं? आजोबांनी, कोकणात. आणि ती पाऊणपट? भाचीनं हिशोब करून दाखवला. बाईंनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक छोटी वही काढली आणि 'तीन छेद चार' लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तुझ्या आजोबांचा नियम तुझ्या आजोबांच्या किनाऱ्याला बरोबर आहे. चंद्र सगळीकडे एकच, पण पाणी ज्या त्या किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे उशिरानं पोचतं. आपली खाडी त्यांनी इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीच्या मुखावर बेतली होती. तिथे भरती-ओहोटीत चौदा मीटरपर्यंत फरक पडतो आणि पौर्णिमेला भरती येते सकाळ-संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास. म्हणजे मध्यरात्र टळता टळता पाणी खरोखरच तळाला. रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं, हे मात्र दोन्हीकडे सारखं, म्हणून पाऊणपट त्यांना इतकी आवडली.

भाची क्षणभर गप्प. मग तिनं अकराव्या दिवसाचा चंद्र काढला. यावर बाई हसल्या. तू तिसरी, म्हणाल्या. पहिलं पत्र एका निवृत्त खलाशाचं आलं होतं, पुस्तक निघाल्यानंतर पंधरवड्यातच. ते प्रकरण आधी तिसऱ्या भागात होतं. संपादकांच्या सांगण्यावरून ते मागे आणलं आणि चंद्र त्याच्याबरोबर तसाच चालत आला. पुढच्या छपाईत तो काढणार का? नाही, म्हणाल्या, पहारेकऱ्याला त्याच्या उजेडातच ती ओली सावली दिसते. मग? भाचीनं विचारलं. मशाल देता येईल, पण मशालीच्या उजेडात सावली हलते आणि डाग सरळ पडत नाहीत. यावर दोघी खरंच विचार करू लागल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी घसा खाकरला. विक्रेत्या मुलीनं पुढचं पुस्तक हळूच पुढे सरकवलं. बाईंनी भाचीचं नाव चिठ्ठीवरून बघून अचूक लिहिलं, आणि नियमाबाहेर जाऊन खाली एक लहानसा अपूर्णांक काढला. मी काय बोलले? काहीच नाही. फोटोत माझा अर्धा चेहरा आलाय.

बाहेर पडलो तेव्हा ब्रॉड स्ट्रीट ओला होता. भाची खोलीवर पोचेपर्यंत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तिसरी! मावशी, तिसरी!"

शनिवार

सकाळी उठल्यावरही तिचा चेहरा पडलेलाच. भरतीचं उत्तर मिळालं त्याचा आनंद होता, पण चंद्राची चूक आपणच पहिल्यांदा पकडली या समजावर ती वर्षभर जगली होती. मी तिला बॅनबरी रोडनं उत्तरेला नेलं. अर्ध्या तासाच्या चालीवर नॉर्थमूर रोड लागतो, दोन्ही बाजूंना प्रशस्त विटांची घरं. त्यातलं २० क्रमांकाचं टॉल्किनचं. १९३० ते १९४७ तो इथे राहिला. त्याच्या आधी या घरात बेसिल ब्लॅकवेल राहत असे, तोच उधारी वळती करू पाहणारा. सार्वजनिक वर्गणीतून हे घर घ्यायचा प्रयत्न काही वर्षांपूर्वी झाला, पण पैसे पुरेसे जमले नाहीत. आत लोक राहतात, म्हणून आम्ही समोरच्या फुटपाथवरूनच निळी पाटी वाचली.

इथे काही बघण्यासारखं नाही आणि मला तेच दाखवायचं होतं. चार मुलं, प्राध्यापकाचा पगार अपुरा, म्हणून उन्हाळ्यात शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासायचे, गठ्ठेच्या गठ्ठे. असाच एकदा एका विद्यार्थ्यानं एक पान कोरं सोडलेलं निघालं, आणि तपासनिसानं त्यावर जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या 'हॉबिट' नावाच्या बुटक्या जीवाबद्दल एक वाक्य लिहिलं; त्याच्या 'द हॉबिट' या पुस्तकाची ती सुरुवात. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा बहुतेक भागही याच घरात झाला, व्याख्यानं आणि युद्धकाळातली रात्रीची गस्त सांभाळून. आणि १९४४ च्या मे महिन्यात, इथूनच, त्यानं मुलाला पत्र लिहून आपली अडचण सांगितली. कथेतल्या ऐन मोक्याच्या दिवसांत आपले चंद्र अशक्य वागत आहेत, मुलखाच्या एका भागात उगवताहेत आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळताहेत. मागच्या प्रकरणांतले काही तुकडे पुन्हा लिहून काढावे लागले. चंद्राच्या कला त्यानं खऱ्या, १९४२ च्या सुमाराच्या आकाशावरून घेतल्या होत्या.

"त्याचेसुद्धा?" भाची म्हणाली. मग बराच वेळ त्या घराकडे बघत उभी राहिली आणि अखेर तिनं विचारलं, मुलखाच्या दोन टोकांना दोन तुकड्या असतील तर तिथींची दोन कोष्टकं ठेवायची की एकच? बसस्टॉपपर्यंत यावर वाद चालला. एकच, दोन रकाने करून, असं ठरलं.

बसनं पुढे वुल्व्हरकोटची दफनभूमी. पाट्या लावलेल्या आहेत, शोधावं लागत नाही. करड्या ग्रॅनाइटचा साधा दगड, त्यावर टॉल्किनच्या बायकोच्या नावाखाली 'लूथियन' आणि त्याच्या नावाखाली 'बेरेन', ही त्याच्याच कथेतल्या प्रेमी जोडप्याची नावं; मृत्यूची सालं १९७१ आणि १९७३. कुणीतरी फुलं ठेवली होती, कुणीतरी पेनं. पेनांचा छोटा ढीगच होता. बहुतेक बॉलपेनं, पावसानं गंजलेली.

दुपारी बोटॅनिक गार्डन, १६२१ पासूनचं. हिवाळ्यात लवकर बंद होतं म्हणून घाईनंच फिरलो. कादंबरीकार फिलिप पुलमनच्या वाचकांनी प्रसिद्ध केलेला बाक मागच्या टोकाला आहे. त्यावर एक जोडपं बसलं होतं आणि उठायची चिन्हं नव्हती. टॉल्किनच्या आवडीचा म्हणतात तो काळा पाइन वृक्ष २०१४ मध्ये फांद्या कोसळल्यावर तोडावा लागला.

रविवार

आमची खोली हेडिंग्टनला होती. तिथून जवळच, हेडिंग्टन क्वारी या भागात, होली ट्रिनिटी चर्च आहे. सकाळची प्रार्थना संपेपर्यंत बाहेर थांबलो. लुइसची कबर आवारात, भाऊही त्याच कबरीत. २२ नोव्हेंबर १९६३ ला तो गेला आणि त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली, त्यामुळे वर्तमानपत्रांत त्याला फारशी जागा उरली नाही. आत एका खिडकीच्या काचेवर नार्नियाचे प्राणी कोरलेले आहेत. रंगीत काच नाही, पारदर्शक काचेवर पांढऱ्या रेघा. नेमक्या कोनातून बघितलं तरच दिसतात. चर्चमधल्या एका आजींनी आम्हाला खांद्याला धरून त्या कोनात उभं केलं.

परतीच्या कोचला वरची पुढची सीट मिळाली नाही. नवं पुस्तक आधी कुणी वाचायचं, यावर वाद होणार हे मी धरूनच चालले होते, पण भाचीनं ते माझ्याकडे दिलं. तिनं खिडकीशी बसून वहीत रकाने आखायला घेतले होते. स्वतःची गोष्ट आहे, म्हणाली, कुणाची नाही सांगणार. आठवडा सात दिवसांचाच हवा का, एवढंच तिनं मला विचारलं. मी म्हटलं, नऊचा केलास तर बाजार किती दिवसांनी भरतो ते आधी ठरव. तिनं रकाना खोडला आणि नवा आखला.